बांधकामापूर्वी शेजारच्या भूमिगत पावसाळी वाहिनीची कॅमेऱ्याने तपासणी: काय पाहावे, कधी करावी?

प्रश्न: मांडवीकाठ (पणजी)

सप्रेम नमस्कार. सांतिनेज खाडीजवळच्या सखल भागात आमच्या गृहनिर्माण संस्थेची जुनी इमारत आहे. ती पाडून तळघरातील पार्किंगसह नवी इमारत बांधण्याचे ठरले आहे. भूखंडाच्या कुंपणाला लागूनच 600 मिलिमीटर व्यासाचा जुना ह्यूम पाइप (सळ्या घातलेला काँक्रीटचा पाइप) जमिनीखालून जातो आणि वरच्या रस्त्याचे पावसाचे पाणी त्यातून खाडीकडे जाते. विकासकाचे म्हणणे असे की वाहिनी नकाशात दाखवलेली आहे, पावसाळ्यात पाणी तुंबल्याची तक्रार नाही, तेव्हा आत कॅमेरा फिरवण्याचा खर्च कशाला करावा. आमचे सल्लागार अभियंते मात्र खोदाईपूर्वी व्हिडिओ तपासणी व्हायलाच हवी असे म्हणतात. या तपासणीतून नक्की काय कळते, ती कोणत्या वेळी करावी आणि उद्या वाहिनीचे नुकसान झाले तर ते चित्रीकरण ग्राह्य धरले जावे यासाठी त्यात काय काय असायला हवे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: स्थापत्य (म्हापसा)

पाणी तुंबत नाही यावरून पाइपातून पाणी वाहते एवढेच सिद्ध होते. भेगाळलेला, सांधे उघडे पडलेला पाइपही वर्षानुवर्षे पाणी वाहून नेतो, कारण भोवतालच्या मातीने त्याला सगळीकडून धरून ठेवलेले असते. तुमच्या तळघराची खोदाई पाइपाच्या तळाच्याही खाली जाणार असेल, तर नेमका हाच आधार एका बाजूने सुटणार आहे. त्यातच सखल भागात भूजल वर असल्यामुळे खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप सतत चालवावे लागतील, आणि उपशाबरोबर बारीक वाळू व गाळवट माती खड्ड्याकडे सरकू लागेल. पाइपाचे सांधे उघडे असतील तर आतले पाणी बाहेर झिरपून या सरकणाऱ्या मातीला आणखी वेग देते, आणि उलट वेळी, म्हणजे बाहेरचे पाणी वर व पाइप रिकामा असताना, तीच माती सांध्यांतून पाइपात शिरते. दोन्ही प्रकारांत पाइपाभोवती पोकळी तयार होते, आणि ती पोकळी आहे हे बहुतेक वेळा रस्ता खचल्यावरच कळते.

म्हणून माझा आग्रह असा की तपासणी खोदाईच्या आदल्या आठवड्यात उरकू नये. खड्ड्याच्या आधारभिंतीचे आरेखन पक्के होण्यापूर्वी ती व्हावी. पाइप कमकुवत निघाला तर खोदाई कुंपणापासून आणखी आत घेता येते, ठोकून बसवायच्या पाइल्सऐवजी (जमिनीत खोलवर जाणाऱ्या आधारखांबांऐवजी) छिद्र पाडून ओतायच्या पाइल्स घेऊन हादरे कमी करता येतात, किंवा तेवढा भाग आधी बदलून घेता येतो. आरेखन मंजूर झाल्यावर हे सगळे पर्याय महाग होतात आणि मग कोणी ते ऐकून घेत नाही.

चित्रीकरणात काय पाहावे, तर प्रथम भेगांची दिशा. माथ्यावर आणि तळाला पाइपाच्या लांबीच्या दिशेने गेलेली भेग हे वरचा भार पाइपाला झेपत नसल्याचे लक्षण असते. बांगडीसारखी गोल फिरलेली भेग असेल तर खालची बैठक असमान खचली आहे असे समजावे. एखाद्या ठिकाणी पाणी साचून कॅमेऱ्याची भिंग बुडत असेल, तर तिथे पाइपाला झोळ आला आहे. खाडीजवळच्या वाहिनीत भरतीचे खारे पाणी आत येत असल्यामुळे गंजाचे तांबूस ओघळ आणि उघड्या पडलेल्या सळ्या विशेष लक्षपूर्वक शोधाव्यात; सळई गंजून फुगली की काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. शिवाय झाडांची मुळे, सरकलेले सांधे आणि मध्येच भोक पाडून घेतलेल्या जोडण्या यांचीही नोंद हवी. अशा जोडण्या नकाशात सहसा नसतात, आणि त्यांतली एखादी तुमच्याच जुन्या इमारतीची निघाली तर ती पाडकामापूर्वी रीतसर बंद करावी लागेल.

उत्तर: क्रॉलर (मडगाव)

वरील विवेचन योग्यच आहे. आम्ही हीच कामे करतो, म्हणून प्रत्यक्ष पद्धतीविषयी थोडे लिहितो.

पणजीत पहिला प्रश्न ओहोटीचा असतो. पाण्याखालचे आमच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आणि खाडीत उघडणाऱ्या वाहिनीत भरतीच्या वेळी पाणी मागे सरकून पाइप अर्धा किंवा पूर्ण भरतो. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणातली खालची ओहोटी निवडावी. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या दिवसांत पाणी पुरेसे उतरत नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे काम दोन दिवस चालणार असेल तर दुसऱ्या दिवशीचा आरंभ त्या हिशेबाने ठरवावा. ऋतू म्हणाल तर पाऊस थांबून जमिनीतले पाणी उतरल्यानंतरचा काळ बरा. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, म्हणून जूनच्या तोंडावर तपासणी ठरवली तर आत काही दोष सापडला तरी दुरुस्तीला वेळ उरत नाही.

दुसरी गोष्ट सफाईची. तळाशी गाळ असेल तर पाइपाचा खालचा भाग तपासलाच गेला नाही असे समजावे, मग चित्रीकरण कितीही स्पष्ट असो. आधी जेटिंग मशीनने, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने, गाळ काढून घ्यावा. मात्र पाइप फारच जीर्ण असेल तर दाब बेताचा ठेवावा, आणि शक्य असल्यास सफाईपूर्वीही एकदा कॅमेरा आत घालून पाहावे, म्हणजे जोराच्या पाण्याने नवे नुकसान झाले का हा वाद राहत नाही.

कॅमेरा चाकांच्या गाडीवर, पाइपाच्या मध्यरेषेत बसवलेला असावा आणि गाडीचा वेग मिनिटाला साधारण 9 मीटरच्या वर जाऊ नये. प्रत्येक सांध्याशी गाडी थांबवून भिंग सर्व बाजूंनी फिरवावी. पडद्यावर दिनांक, सुरुवातीच्या व शेवटच्या चेंबरचा क्रमांक, पाइपाचा व्यास, कॅमेऱ्याची दिशा आणि चेंबरपासूनचे अंतर सतत दिसायला हवे. अंतर बरोबर मोजले जात आहे की नाही, हे तुम्हालाही पडताळता येते: ह्यूम पाइपाचा एक तुकडा बहुधा अडीच मीटरचा असतो, तेव्हा सांधे मोजत जा आणि आकड्याशी जुळवा.

मांडवीकाठ (पणजी)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. विकासकाने आता असे सुचवले आहे की प्लंबरकडचा तारेवरचा छोटा कॅमेरा वापरावा आणि जिथे तो पोहोचणार नाही तिथे कामगाराला चेंबरमध्ये उतरवून मोबाइलवर चित्रीकरण करून घ्यावे. हे मान्य करावे का?

उत्तर: क्रॉलर (मडगाव)

कृपया मान्य करू नका. पावसाळी वाहिनीतही सेप्टिक टाकीचे पाणी सोडलेले आढळते, आणि बंद चेंबरमध्ये साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊन जीव गमावू शकतो. तीव्र प्रमाणात नाकाला त्या वायूचा वास येणेही थांबते. गटारांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तुमचे काम चित्रीकरणाचे असले तरी चेंबरमधली हवा तीच आहे. कॅमेऱ्याचा सारा उपयोग माणसाला आत जावे लागू नये यासाठीच आहे, आणि संस्थेने या बाबतीत तडजोड करू नये असे मी कळकळीने सांगतो. तारेवरचा कॅमेरा घरातल्या 100-150 मिलिमीटरच्या पाइपांसाठी ठीक असतो. 600 मिलिमीटरच्या वाहिनीत तो तळाशी लोळत जातो, उजेड माथ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि माथ्यावरची भेगच तर तुम्हाला पाहायची आहे.

उत्तर: निचरा (फोंडा)

दोन बाबी राहिल्या आहेत, त्या जोडतो.

कॅमेरा पाइपाची आतली बाजूच दाखवतो. बाहेर पोकळी झाली असेल तर ती त्याला दिसणार नाही. सांध्यातून आत पडलेली माती किंवा झिरपणारे पाणी यांवरून तर्क तेवढा करता येतो. अशी चिन्हे आढळलेल्या अंतरांवर वरून जमिनीचे रडार (न खोदता जमिनीखालची पोकळी शोधणारे यंत्र) फिरवून घ्यावे, आणि वाहिनीलगतच्या रस्त्यावर पक्क्या खुणा करून त्यांच्या पातळ्या खोदाईपूर्वी व खोदाई चालू असताना नियमित मोजाव्यात.

ग्राह्यतेविषयी: वाहिनी तुमच्या मालकीची नाही, त्यामुळे ती ज्या यंत्रणेची आहे तिची लेखी परवानगी घेऊन आणि तिच्या प्रतिनिधीला हजर ठेवूनच तपासणी करावी. संस्था, विकासक आणि ती यंत्रणा यांनी अहवालाच्या प्रत्येक पानावर सह्या कराव्यात, आणि कापछाट न केलेले मूळ चित्रीकरण तिघांकडेही त्याच दिवशी जावे. दोषांचे वर्णन मनाजोगत्या शब्दांत नको. युरोपातील ईएन 13508-2 किंवा अमेरिकेतील पीएसीपी यांसारख्या ठरलेल्या सांकेतिक पद्धतीने असावे. पीएसीपीत दोषांना 1 ते 5 अशी श्रेणी असते आणि 5 ही सर्वांत गंभीर. बांधकामानंतरची तपासणी त्याच पद्धतीने, त्याच चेंबरपासून, त्याच दिशेने आणि तशाच ओहोटीत करावी, म्हणजे पूर्वी 3 श्रेणीची असलेली भेग आता 4 झाली का हे एकाच अंतरावरची दोन चित्रे शेजारी ठेवून दाखवता येते. तळघराच्या भिंती पूर्ण होऊन मागची भरणी झाली की लगेच एकदा आणि त्यानंतरचा पहिला पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा, अशा दोन तपासण्यांचा खर्च विकासकाशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यावा.