पावसाच्या खंडात सोयाबीन तगवणारे जिवाणू, खरं किती आणि जाहिरात किती?

काळीमाती_औसा
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात सहा एकर आहे, चार सोयाबीन दोन तूर, सगळं पावसावर. 2023 चा ऑगस्ट आठवत असेल सगळ्यांना, अख्खा महिना कोरडा गेला, ऐन शेंगा धरायच्या वेळेला पिकानं माना टाकल्या आणि जमिनीला अशा भेगा पडल्या की हात आत जाईल. यंदा बियाणं बघायला गेलो तर दुकानदार एक लिटरची बाटली पुढं करतोय, म्हणे यात दुष्काळात तग धरणारे जिवाणू आहेत, एकरी एक बाटली पाण्यातून सोडली की वीस-बावीस दिवस पाऊस नसला तरी पीक हलत नाही. किंमत ऐकून मीच हललो. पुतण्या ॲग्रीला आहे, तो म्हणतो काका असं असतंय, आम्हाला शिकवलंय. वडील म्हणतात पाण्याबिगर काय जगतंय का कधी. आता मला सांगा हे जिवाणू नेमकं करतात तरी काय, पाणी तर ते कुठून आणणार नाहीत ना? आणि कोरडवाहूत यात पैसे घालावेत का?

मुळाखाली
दादा, मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, काम मुळांवरच्या जिवाणूंवरच होतं म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

पाणी नाही आणत. पण पाणी कमी पडलं की झाडाचं नुकसान फक्त तहानेनं होत नाही, झाड स्वतःच आवरतं घ्यायला लागतं. ताण आला की झाडात इथिलीन वाढतं, तेच ज्याने केळी-आंबे पिकवतात. ते जास्त झालं की मुळांची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, फुलं गळतात. म्हणजे खाली फूटभरावर ओल असते पण मूळ तिथवर जायचं थांबलेलं असतं. आता इथिलीन बनतं एसीसी नावाच्या पदार्थापासून, आणि मुळावरच्या काही जिवाणूंकडे हे एसीसी तोडणारं एन्झाइम असतं, एसीसी डीअमायनेज. जिवाणू काही झाडावर उपकार म्हणून करत नाहीत, मुळातून बाहेर झिरपलेलं एसीसी तोडून त्यातला नायट्रोजन स्वतःसाठी वापरतात, पण त्यामुळे झाडातलं इथिलीन उतरतं आणि मूळ खाली जात राहतं. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात बर्नार्ड ग्लिक यांनी 1990 च्या दशकात हे नीट मांडलं, त्यानंतर यावर ढीगभर काम झालंय. गंमत म्हणजे रानात पाणी साचलं तरी झाडात इथिलीनच वाढतं, त्यामुळे तिथेही हेच जिवाणू थोडे उपयोगी पडतात.

दुसरं म्हणजे चिकट. ज्वारी-बाजरीचं कोवळं रोप हलक्या हाताने खणून काढा आणि मूळ झटकून बघा, मुळाला मातीचा मोजा घातल्यासारखा थर राहतो, पडत नाही. त्यात मुळाचे केस असतात, मुळाचा स्वतःचा चीक असतो आणि जिवाणूंनी सोडलेला बुळबुळीत पदार्थही असतो. हा थर भोवतालच्या मातीपेक्षा उशिरा वाळतो आणि माती आकसली तरी मुळाचा मातीशी संपर्क तुटू देत नाही. काळी जमीन भेगाळते तेव्हा हा संपर्क तुटणं हीच मोठी अडचण असते.

म्हणून थोडक्यात असं की जमिनीत जी ओल आहे ती झाडाला जास्त नीट वापरता येते. ओलच नसेल तर जिवाणूही झोपतात. वीस-बावीस दिवसांची गॅरंटी देणाऱ्याला विचारा जमीन किती खोल आहे ते तुला माहितीये का? हलक्या मुरमाड रानात आणि तीन फूट काळ्या रानात बाटली तीच, पण खंडाचे दिवस सारखे कसे असतील.

डाळिंबवाला_सांगोला
ताईंनी मस्त सांगितलं. माझं त्यात बुरशीबद्दल जोडतो, कारण आमच्याकडं जिवाणूपेक्षा मायकोरायझाच जास्त चालतो, जुने लोक व्हॅम म्हणतात.

ही बुरशी मुळाच्या आत शिरते आणि तिचे धागे मुळाबाहेर मातीत लांबवर पसरतात. धागा मुळाच्या केसापेक्षा बारीक, त्यामुळं जिथं मूळ घुसू शकत नाही अशा बारीक फटीतनं स्फुरद (फॉस्फरस) आणि थोडी ओल आणतो, बदल्यात झाड तिला साखर देतं. हा सौदा काही आजचा नाही, 40 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या दगड झालेल्या अवशेषांत पण अशीच बुरशी सापडलेली आहे.

पण दुकानदार जे सांगत नाही ते ऐका. एक तर डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, भरपूर टाकून वर मायकोरायझा टाकायचा म्हणजे पैसे पाण्यात, झाडाला स्फुरद आयतं मिळालं की ते बुरशीला दारातच उभं करत नाही. दुसरं, कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट यांच्या मुळात ही बुरशी बसतच नाही, तरी आमच्याकडं फ्लॉवरवाले तिचं पाणी मुळाशी ओततात आणि बिल भरतात. तिसरं ते यूट्यूबवरचं, ड्रममध्ये गूळ-बेसन टाकून मायकोरायझा मल्टिप्लाय करा म्हणून. अहो जिवंत मूळ असल्याशिवाय ती वाढत नाही! कंपन्या सुद्धा मका-ज्वारीच्या मुळांवर नाहीतर लॅबमध्ये जिवंत मुळांवर वाढवतात. ड्रममध्ये वाढतं ते दुसरंच कायतरी, आणि वास पण तसाच येतो.

फायदा बघायचा असेल तर नर्सरीत किंवा लागण करताना खड्ड्यात, मुळाला चिकटेल असं द्यायचं. मोठ्या झाडाला वरनं फेकून मला तरी फरक दिसला नाही.

खमक्या_वऱ्हाडी
राजेहो, थोडा हिशोब करून पाहा, मग बाटली घ्या.

सरकारी खत नियंत्रण आदेशात जैविक खतांचं प्रमाण ठरवून दिलं आहे, द्रवरूप असलं तर मिलीला कमीत कमी 10 कोटी जिवंत जिवाणू, पावडर असली तर ग्रॅमला 5 कोटी. बाटली अगदी प्रामाणिक आहे असं धरू. एक लिटरमध्ये झाले 10,000 कोटी. आकडा ऐकून छाती फुगते. आता एक एकराची वरची अर्धा फूट माती धरा, साधारण 8 लाख किलो होते, म्हणजे 80 कोटी ग्रॅम. भागाकार करा, ग्रॅमला सव्वाशे जिवाणू आले. आणि चांगल्या मातीत एका ग्रॅममध्ये आधीचेच दहा कोटींच्या वर बसून आहेत, तिथलेच, पिढ्यानपिढ्यांचे. या सव्वाशे पाहुण्यांना कोण विचारते हो?

हेच बियाण्याला लावून पाहा. किलोला 25 ग्रॅम पावडर म्हणजे 125 कोटी जिवाणू, सोयाबीनचे किलोत आठ-सव्वाआठ हजार दाणे बसतात, म्हणजे एका दाण्यावर दीड लाख! अर्धे मेले तरी मूळ फुटेल तिथं बाकीचे आधीच हजर. म्हणून मी म्हणतो जे काही लावायचं ते बियाण्याला लावा, नाहीतर शेणखतात मुरवून ओळीत द्या, मोकळ्या रानात पाण्यातून सोडू नका. खर्चही कमी.

आणि कंपनीच्या पत्रकावरचे फोटो असतात कुंडीतले. कुंडीतली माती बहुतेक वेळा निर्जंतुक केलेली असते, तिथं स्पर्धाच नाही, तर फरक दिसणारच ना बाप्पा. तुमच्या रानात फरक पाहायचा असेल तर मध्येच चार ओळी बिना औषधाच्या सोडा, खुंटी ठोकून ठेवा, आणि काढणीला त्या वेगळ्या मोजा. दुकानदाराला हे आधीच सांगा, त्याचा चेहरा पाहून अर्धं उत्तर तिथंच भेटते.

गच्चीवरचीबाग
कुंडीचा विषय निघालाच आहे तर विचारते, पुण्यात गच्चीवर एप्रिल-मेमध्ये मिरची टोमॅटो पार सुकतात, त्यांना हे जिवाणू चालतील का?

खमक्या_वऱ्हाडी
ताई, त्यांना पाणी घाला आणि ग्रीन नेट लावा. 😄

क्षारपड_शिरोळ
आमच्याकडचं दुखणं उलटं आहे, पाणी जास्त झालं म्हणून जमिनी गेल्या. कृष्णा-पंचगंगाकाठी उसाला वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिलं, निचरा नाही, आता उन्हाळ्यात रान पांढरंफेक दिसतं. इथं पण सगळे विकायला येतात, क्षार खाणारे जिवाणू म्हणून. क्षार कोणी खात नाही भावांनो, मीठ ते मीठ. जिवाणू काय करतात तर मुळाच्या भोवती सोडियम थोडा धरून ठेवतात, झाडात वर जाणारा कमी करतात, आणि ताईंनी सांगितलं ते इथिलीनचं इथंही लागू होतं. खोटं म्हणत नाही, कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्रानं क्षारयुक्त जमिनीसाठी असे जिवाणू काढलेतच. पण ज्यांची रानं आमच्या शिवारात परत पिकायला लागली त्यांनी आधी जमिनीखालनं सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढला, माती तपासून जिथं लागतं तिथं जिप्सम घातलं, धैंचा हे हिरवळीचं पीक गाडलं. जिवाणू नंतर. आधी बाटली आणि नंतर निचरा असं करणाऱ्याचं मी काही बघितलेलं नाही.

काळीमाती_औसा
सगळ्यांचे आभार. वऱ्हाडी भाऊंचा हिशोब वडिलांना वाचून दाखवला, खूष झाले. पण पुतण्या ऐकेना, तो म्हणतोय अमेरिकेत कुठंतरी उकळत्या पाण्याच्या कडंला गवत उगवतंय ते पण बुरशीच्या जिवावर. हे खरं का? आणि ताई, सोयाबीनला रायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी करून हवेतला नायट्रोजन देणारे जिवाणू, आम्ही लावतोच, त्याचा खंडात काही उपयोग होतो का?

मुळाखाली
पुतण्या अभ्यासू आहे हो, ते खरं आहे. यलोस्टोन पार्कमध्ये गरम झऱ्यांच्या जमिनीत एक गवत वाढतं, त्याच्या आत एक बुरशी राहते. दोघांना वेगवेगळं वाढवलं तर 38 अंशांच्या वर दोघंही टिकत नाहीत, एकत्र असले तर मुळाशी 65 अंश तापमान सहन करतात. याच्यावर कडी म्हणजे 2007 मध्ये सापडलं की त्या बुरशीच्या आत एक विषाणू असतो आणि तो काढून टाकला की बुरशी गवताला वाचवू शकत नाही. तिघांचा संसार आहे तो. आपल्याकडचंही उदाहरण आहे, राजस्थानच्या थर वाळवंटात वेडी बाभूळ आणि रानबोराच्या मुळांजवळ अजित वर्मा यांच्या गटाला एक बुरशी मिळाली, 1998 मध्ये तिचं नाव पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ठेवलं. ती मुळाशिवाय लॅबमध्ये वाढवता येते, सांगोल्याच्या दादांनी सांगितलेली अडचण तिला नाही, म्हणून जगभर तिच्यावर काम चालू आहे.

पण या गोष्टींत एक मेख आहे. ते गवत आणि ती बुरशी त्याच जागी पिढ्यानपिढ्या एकमेकांना सरावलेले आहेत. तिथली बुरशी काढून बाटलीत भरून औशाच्या रानात टाकली की तसंच होईल असं समजणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मला विचाराल तर कोरड्या भागातल्या जिवाणूंवर त्याच भागात काम व्हायला हवं. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था 2009 पासून आहे, दुष्काळ, क्षार, उष्णता हाच त्यांचा विषय आहे, पुतण्याला एकदा तिथं नेऊन आणा.

आता रायझोबियम. इथे उलटं आहे बघा, खंड पडला की सोयाबीनच्या गाठी पानांच्याही आधी ढेपाळतात. पानं अजून हिरवी तरतरीत दिसतात पण गाठीत नत्र बनणं कमी झालेलं असतं, म्हणून खंडानंतर पीक फिक्कट दिसतं. शेतात एक रोप खणून गाठ नखानं फोडा, आतून गुलाबी-लाल असेल तर चालू आहे, हिरवट किंवा मातकट असेल तर बंद पडली. म्हणजे रायझोबियम हा खंडावरचा उपाय नाही, पण लावायचं सोडू नका, कारण खंडाआधी मूळ आणि गाठी भरपूर झालेल्या असतील तर पाऊस परत आल्यावर पीक लवकर सावरतं.

फवारणीचंच हवं असेल तर पानांवर राहणारे गुलाबी जिवाणू असतात, पीपीएफएम म्हणतात, पानातून निघणारं मिथेनॉल खाऊन जगतात. कोईमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने खंडाच्या काळातल्या फवारणीसाठी ते बाजारात आणलेत. त्याला खर्च फार नाही, बघायला हरकत नाही, पण त्या चार ओळी सोडूनच बघा.

डाळिंबवाला_सांगोला
आणि दादा, पेरणी बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर करा, कोळपणी वेळेवर करा. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी हे म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती, भेगा बुजल्या की ओल टिकते. खंड लांबला तर 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) ची फवारणी विद्यापीठ सांगतंय ती करा. हे सगळं झाल्यावर खिशात उरले तर जिवाणू.

काळीमाती_औसा
बाटली रद्द. रायझोबियम आणि पीएसबीची (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची) पाकिटं आणणार. शेवटचा प्रश्न, बियाणं कंपनीचं आहे, आधीच लाल औषध लावून आलेलं. त्यावर जिवाणू लावले तर मरतील ना?

मुळाखाली
काही मरतात, सगळे नाही, कोणतं औषध आहे त्यावर अवलंबून. घरचं बियाणं असतं तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते वाळलं की शेवटी जिवाणू असा क्रम. तुमच्या बियाण्याला पहिलं झालेलंच आहे. जिवाणू पेरणीच्या अगदी तोंडावर लावा, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, जोरात चोळू नका, सोयाबीनचं साल नाजूक असतं लगेच सुटतं. सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा, रात्रभर ठेवायचं नाही. धोका नकोच वाटत असेल तर बियाण्याला न लावता तेच पाकीट ओलसर चाळलेल्या शेणखतात मुरवून पेरणीच्या ओळीत द्या, मात्रा थोडी वाढवून. आणि पाकीट घेताना तारीख बघाच, शिवाय दुकानात ते उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवलेलं असेल तर तारखेतलं असलं तरी घेऊ नका.