कुपवाड एमआयडीसी (सांगली): ऑर्डरी घटल्या, कंपनी राजीनामा मागतेय. सही करावी का, आणि काम कुठे शोधावं?

कृष्णाकाठ
भाऊ कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर आहे. आयटीआय मशिनिस्ट, कंपनीच्याच मस्टरवर (हजेरीपटावर) 6 वर्षं 7 महिने. बेसिक आणि डीए मिळून 13,000. ट्रकच्या पार्टची ऑर्डर घटल्यापासून आठवड्यात तीनच दिवस काम मिळतंय. आता ऑफिसमधून सांगतात, "राजीनामा लिहून द्या, ऑर्डर वाढली की परत बोलावतो." सही करावी का? कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावला चकरा मारून झाल्या, तिथंही तीच परिस्थिती.

हिशेबतपासणी
दादा, सही अजिबात नको. "परत बोलावतो" हा शब्द हवेत जातो, राजीनामा कागदावर राहतो.

ग्रॅच्युइटी राजीनाम्यातही मिळते, कारण पाच वर्षं पूर्ण आहेत. 13,000 भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 7,500. वरचे 7 महिने सहा महिन्यांपेक्षा जास्त असल्यानं पूर्ण वर्ष धरायचं. 7 वर्षांचे 52,500.

राजीनाम्यानं बुडते ती कपातीची भरपाई. काम नाही म्हणून कंपनीनं कमी केलं, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार. नुसते बेसिक-डीए धरले तरी 6,500 गुणिले 7, म्हणजे 45,500. नोटिशीचे 13,000 मिळवा: 58,500. एका सहीनं एवढी रक्कम जाते. नंतर भरती निघाली तर कपात झालेल्याला आधी बोलवायचं असतं, तो हक्कही जातो.

आता बिनकामाचे दिवस. कारखान्यात 50 किंवा जास्त कामगार असतील आणि याचं एक वर्ष सलग भरलं असेल, तर ले-ऑफच्या (काम नाही म्हणून कंपनीनं बसवून ठेवलेल्या) दिवसांचे बेसिक-डीएच्या निम्मे मिळतात, बारा महिन्यांत 45 दिवसांपर्यंत. पण घोळ इथंच होतो. काम नाही म्हणून पोरं घरी बसतात आणि मस्टरवर गैरहजेरी पडते. शिफ्टच्या वेळेला रोज गेटवर जाऊन हजेरी लावायची, गेटवर नाव लिहून घेत नसतील तर त्याच दिवशी अर्ज देऊन पोच घ्यायची. ती पोच मिळाली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

पीएफचं एकच सांगतो. पेन्शनचा भाग काढू नका. पेन्शनला 10 वर्षं नोकरी लागते, याची साडेसहा झालीत. नव्या कंपनीत खातं ट्रान्सफर केलं की मोजणी पुढे चालते. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर स्वतः टाकता येते. ती राहिली की ट्रान्सफर अडकतो.

टूलरूम_मिरज
कामाचं मी सांगतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कुपवाड, तिन्हीकडे बरीच शॉप एकाच ट्रक-ट्रॅक्टरच्या कास्टिंगवर जगतात. तेव्हा गाव बदलून उपयोग नाही, माल बदलला पाहिजे. गेटवर "जागा आहे का" विचारण्याआधी "इथं काय बनतं" ते विचारा. किर्लोस्करवाडी-पलूस बाजूला पंपाचं काम आहे, त्याची मागणी शेती आणि पाणीपुरवठ्यावर चालते. साखर कारखान्यांचं गणित वेगळं: गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, त्यानंतर ओव्हरहॉलिंग. म्हणून मे-जूनमध्ये मेकॅनिकल खात्यात थेट भेटायचं. पण तिथं व्हीएमसी नाही, साधी लेथ चालते. रोलरचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग), पंपाचा शाफ्ट, ब्रासचं बेअरिंग. नोकरी हंगामी असते, हे धरून चला.

मंदीत आधी जातो तो बटण दाबणारा ऑपरेटर. सेटर (जॉब आणि टूल मशीनवर लावून देणारा) शेवटपर्यंत राहतो. आत्ता जे तीन दिवस मशीन हातात आहे, त्यात सेटिंग शिकून घ्यावं. नव्या कंपनीत ट्रायलला (कामाच्या चाचणीला) बहुतेक ड्रॉइंग हातात देतात: 100 मिमी पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) सहा भोकं, मध्ये 40 मिमीचं एच7 बोअर (मोठं भोक). 60 अंशावरच्या भोकाचे मधल्या केंद्रापासून एक्स 25, वाय 43.301 हे कॅल्क्युलेटरवर पटकन काढता आलं पाहिजे. एच7 (मापातली सूट) म्हणजे इथं 40.000 ते 40.025 मिमी; बोअर गेज आधी मायक्रोमीटरवर शून्य करून दाखवा, परीक्षक तेच बघतो. जी54 (जॉबचा शून्य बिंदू) घेतला, टूल बदललं आणि जी43 ला (टूलच्या लांबीच्या कोडला) जुनाच एच नंबर राहिला, तर टूल जॉबमध्ये घुसू शकतं. तसं झालं की ट्रायल तिथंच संपते. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ), रॅपिड (मोकळ्या हालचालीचा वेग) कमी करून चालवा.

बायोडेटा एक पान. "मेहनती, प्रामाणिक" नको. मशीनचा कंट्रोल कुठला (फॅनुक, सीमेन्स), मटेरियल कुठलं (सीआय-एसजी बीड, ईएन8 स्टील), किती मायक्रॉनमध्ये काम केलं, सेटिंग स्वतः करतो का, एवढंच.

कृष्णाकाठ
खूप आभार दोघांचे. शिरवळचा एक ठेकेदार 5,000 डिपॉझिट आणि आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट मागतोय. द्यावं का?

हिशेबतपासणी
दोन्ही नाही. सर्टिफिकेट दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल परत पिशवीत. नोकरीसाठी पैसे मागणारा पुढे फोन उचलत नाही. त्याला तीन गोष्टी विचारा: काम कुठल्या कंपनीत, पीएफ-ईएसआयसी पहिल्या महिन्यापासून भरणार का, ओव्हरटाइम दुप्पट दरानं का. मग त्या कंपनीच्या गेटवर जाऊन ठेकेदार खरंच तिथला आहे का, ते विचारून या.