सत्र खटल्यात सुरुवातीचं निवेदन: गरज की हौस?

डगलेवाला:
खटला उघडताना आरोप काय आणि तो कोणत्या पुराव्याने शाबीत करणार, हे सरकारी वकिलाने सांगायचं असतं. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम २२६, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) २४९. प्रत्यक्षात? 'चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) करावा, साहेब,' म्हणून मोकळे! हे कलम विस्मृतीत गेलंय, असं सुप्रीम कोर्टानेच २०२२ मध्ये गुलाम हसन बेग प्रकरणात म्हटलं. पाच मिनिटं बोला, पण बोला. पंच (जप्तीच्या वेळी हजर असलेला साक्षीदार) साक्षीला उभा राहण्याआधी मुद्देमालातला कोयता कुठून निघाला हे जजसाहेबांना ठाऊक असेल, तर साक्ष नीट नोंदली जाते.

पायरीचा दगड:
ही ज्युरीच्या काळातली हौस. नौदल अधिकारी नानावटीला १९५९ मध्ये खुनाच्या खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनी कौल न मानता प्रकरण हायकोर्टात पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. भाषणाने भारावणारं आता समोर कुणी नाही, आहे तो भरगच्च बोर्ड (दिवसभराच्या कामांची यादी). शिवाय 'दोन नेत्रसाक्षीदार आहेत' म्हणालात आणि दोघेही फितूर झाले, की बचाव पक्ष शेवटी तेच वाक्य तुमच्या तोंडावर मारणार.

डगलेवाला:
मग फुशारकी मारू नका. घटनाक्रम सांगा, विशेषणं घरी ठेवा.

निशाणी२३:
मी बचावाची कामं करतो. सुरुवातीचं तुम्ही बघून घ्या, पण अंतिम युक्तिवाद तोंडीच हवा. 'निशाणी ३१ (रेकॉर्डवरची साक्ष), परिच्छेद ६ बघावा, साहेब. साक्षीदार म्हणतो काळोख होता, आणि पुढच्याच ओळीत चाकूच्या मुठीचा रंग सांगतो.' साहेब पान उघडतात, वाचतात, पेन्सिलीने खूण करतात. बस, पुढचा मुद्दा. लांबण लावून काही होत नाही. १९०८ मध्ये टिळक स्वतः सुमारे २१ तास बोलले, तरी ज्युरी ७ विरुद्ध २ ने विरोधातच गेली. (ती ज्युरी ऐकणारी होती का, हा वेगळा धागा.)

पायरीचा दगड:
आणि ती खूण करून साहेबांची बदली झाली की? पुन्हा ओनामा. लेखी युक्तिवाद रेकॉर्डवर राहतो, अपिलातही कामी येतो.

निशाणी२३:
लेखी द्या की! पण कायद्याला संक्षिप्त, मथळेवार टिपण अपेक्षित आहे. तीस पानं आणि वर निवाड्यांची चळत नव्हे.

पायरीचा दगड:
चळत हौसेने लावत नाही कुणी. खटला तिसऱ्या पीपीच्या (सरकारी वकिलाच्या) हातात आलेला असतो, साक्षी त्याने घेतलेल्या नसतात. नेमकं बोलणार कुठून?

डगलेवाला:
हे तर माझ्याच बाजूचं बोललात. पहिल्या पीपीने निवेदन करून त्याचं टिपण फाइलला लावलं असतं, तर तिसऱ्याला धागा तिथेच सापडला असता.