जीपीएसचं अंतर एकतर ० येतं, नाहीतर थेट २.२ किमी. काय बदलू?

घणसोलीकर: अर्दुइनो ऊनोवर (प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड) ठाणे स्टेशनपासूनचं अंतर दाखवायचंय. स्टेशनजवळच्या तलावपाळीपाशी ०, पुढे एकदम २.२ किमी, मग ३.११. मधेच 'नॅन' (म्हणजे 'ही संख्याच नाही'). अंतरासाठी कोसाइनचं सूत्र आहे, पाय (π) ३.१४. पायचे आकडे वाढवू, डबल (जास्त अंक ठेवणारा प्रकार) घेऊ की बोर्डच बदलू?

कोपरी_पूर्व: पाय सोडा हो. ३.१४ मुळे फरक ०.०५ टक्के, म्हणजे ३० किमीला १५ मीटर. खरा घोळ कोसाइनमध्ये आहे. १ किमी म्हणजे पृथ्वीच्या मध्याशी ०.०००१५७ रेडियन, आणि त्याचा कोसाइन १ पेक्षा जेमतेम ०.००००००१२ च्या दहाव्या हिश्श्याने कमी. फ्लोट म्हणजे दशांश संख्या ठेवायचा ४ बाइटचा प्रकार, त्यात संख्या ठरावीक पायऱ्यांवरच बसते; १ च्या खालची पहिली पायरीच ०.०००००००६ ने खाली. म्हणून उत्तर १ ला चिकटतं, अंतर ०. त्या पहिल्या पायरीचं अंतर २.२ किमी, दुसरीचं ३.११. सूत्रातली बेरीज १ च्या किंचित वर गेली की नॅन, कारण कोसाइन १ पेक्षा मोठा नसतो. ऊनोवर डबलही ४ बाइटचाच, त्यामुळे उपयोग शून्य. हॅवरसाईन वापरा, म्हणजे लहान अंतरातही अंक न गमावणारं सूत्र.

पामबीच_रोड: नुसतं हॅवरसाईन पुरणार नाही. ७३ रेखांश फ्लोटमध्ये ठेवला की पायरी ०.०००००७६ अंश, आपल्याकडे साधारण ८० सेंमी. वजाबाकी नंतर कितीही नीट करा, गेलेले अंक परत येत नाहीत. जीपीएस मॉड्यूलकडून येणारी ओळ फ्लोटमध्ये वाचूच नका. १९०५.१२३४ (१९ अंश ०५.१२३४ मिनिटं) आलं तर १९ अंश वेगळे काढा, मिनिटं ५१२३४ अशी पूर्णांकात घ्या, ५० ने गुणून ३ ने भागा: ८५३९००. त्यात १९ कोटी मिळवा. त्यासाठी लाँगच (३२ बिटांचा पूर्णांक) हवा, ऊनोचा इंट (साधा पूर्णांक) १६ बिटांचा, त्यात हे आकडे मावत नाहीत. वजाबाकी पूर्णांकात करा, मगच फ्लोट. एका एककाला (अंशाचा एक कोटीवा भाग) उत्तर-दक्षिण ०.०१११२ मीटर, पूर्व-पश्चिमेला त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणा. ठाणे-बेलापूर एवढ्या टापूत हॅवरसाईनचीही गरज नाही.

घणसोलीकर: आणि एकूण धाव? दर सेकंदाला मीटर मिळवत जातोय.

कोपरी_पूर्व: फ्लोटमध्ये नको. ८३,८८,६०८ मीटरनंतर पायरी १ मीटरची होते, तिथे ०.४ मिळवलं तरी आकडा हलत नाही. सेंटीमीटर अनसाइन्ड लाँगमध्ये (ऋण संख्या नसलेला लाँग) साठवा, ४२,९४९ किमीपर्यंत चालेल. गाडी उभी असताना जीपीएस डुलतो, तेही अंतर त्यात जमा होतं; वेग अगदी कमी असेल तेव्हा बेरीज थांबवा.

पामबीच_रोड: बोर्ड बदलायचाच असेल तर ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घ्या. त्यावर डबल खरंच ८ बाइटचा आहे. तो डबल हळू चालतो, पण सेकंदाला एका हिशेबाला काय फरक पडतो! पायच्या दहाव्या अंकाच्या मागे मात्र लागू नका. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी घ्यायची की ६३७८.१३७, एवढ्यानेच ०.११ टक्के बदल होतो. २२/७ ची चूक ०.०४ टक्के.