शारजावरनं व्हॉट्सॲप कॉल लागंना झालाय, मार्ग सांगा

पूर्वभागकर:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ शारजाला एसीच्या कामावर लागलाय. तिथलं सिम घेतल्यापासनं व्हॉट्सॲप कॉल होईना झालाय. मेसेज जातोय, फोटो जातोय, व्हॉइस नोट पण येते, पण कॉल केला की रिंग वाजते, उचलला की नुसतं कनेक्टिंग कनेक्टिंग दाखवतंय आणि कट. इथला एक मोबाईलवाला म्हणतो फोनला सॉफ्टवेअर मारावं लागेल. आई विड्या वळते, तिला वाचता येत नाही, पोरगा बारीक झालाय का, नीट जेवतोय का हे तिला डोळ्यानं बघायचंय, व्हॉइस नोट ऐकून तिचं समाधान होत नाही. त्यात गड्डा, म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, तोंडावर आलाय, त्यातला अक्षता सोहळा आणि नंदीध्वजांची मिरवणूक त्याला लाइव्ह दाखवायचीय. तिकडं रूमवरचा एकजण व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या देशातनं फिरवून बंदी चुकवणारं ॲप, टाक म्हणतोय. टाकू का?

गल्फरिटर्न:
सॉफ्टवेअर अजिबात मारू नको भावा, पैसे फुकट जातील. फोन ठणठणीत आहे. शारजा यूएईत येतं, आणि यूएईत इंटरनेटवरनं कॉल द्यायची परवानगी फक्त लायसन असलेल्यांना आहे, म्हणजे एतिसलात आणि डू या तिथल्या मोबाईल कंपन्या, आणि त्यांच्या टीडीआरए नावाच्या सरकारी खात्यानं मंजूर केलेली ॲपं. व्हॉट्सॲप, फेसटाइमचे कॉल त्यात बसत नाहीत. कतारला पण हीच बोंब. सौदीनं २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बंदी उठवायला सुरुवात केली, त्याआधी आम्ही पोरं कॉलिंग कार्ड घेऊन बोलायचो, घरचं बोलणं रंगात आलं की बॅलन्स संपायचा. भावाला सांग ऑपरेटरकडनं इंटरनेट कॉलिंगचा पॅक घे आणि बोटिम नावाचं तिथं मंजूर असलेलं कॉलिंगचं ॲप टाक. आईच्या फोनवर पण बोटिम लागेल, दोन्हीकडं असल्याशिवाय होत नाही.

कुंभारवेस:
व्हीपीएन बद्दल कळकळीनं सांगतो, नको. बँका, कंपन्या कामासाठी व्हीपीएन वापरतात ते वेगळं. पण बंदी असलेली गोष्ट करायला वापरला आणि सापडला तर दंड ५ लाख दिरहमपासनं २० लाख दिरहमपर्यंत आहे, वर जेल पण होऊ शकते. ५ लाख दिरहम म्हणजे आपले कोटीच्या वर गेले. रूमवरचे सगळे वापरतात म्हणून त्यानं पण वापरावं असं काही नाही, नवीन पोरगं आहे, व्हिसा कंपनीच्या हातात, कशाला जीवाला घोर.

टॉवरवाला:
मेसेज जातो आणि कॉल जात नाही हे कसं, ते पण सांगतो, म्हणजे फोनवर संशय राहणार नाही. मेसेज, फोटो, व्हॉइस नोट ही साठवून पाठवायची गोष्ट, उशीर झाला तरी पोचते. कॉलमध्ये आवाजाचे बारके बारके तुकडे सलग पळत असतात, त्या वाहतुकीची ठेवणच वेगळी असते. आत काय बोलताय ते ऑपरेटरला ऐकू येत नाही, तिथं कुलूप आहे, पण हा कॉल चाललाय एवढं त्याच्या मशीनला ओळखता येतं आणि ती नेमकं तेवढंच अडवते. म्हणून रिंग वाजते आणि पुढं बोलणं होत नाही. फोन फॉरमॅट केला, नवा घेतला, काही फरक पडणार नाही.

टॉवेलमार्केट:
आम्ही मशीन बघायला चीनला जातो, तिथं तर व्हॉट्सॲपचा साधा मेसेज पण जात नाही, गुगल पण नाही. वरनं तिकडच्या लोकांचं वीचॅट नावाचं मेसेजचं ॲप आपल्या सरकारनं २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकसकट बंद केलं, म्हणजे दोन्हीकडनं दार बंद. आपलं सिम रोमिंगवर ठेवलं की चालतं, कारण डेटा फिरून आपल्या इथल्या कंपनीकडनं जातो, पण महाग पडतं. राग येतो खरं सांगायचं तर. सरकारला नियम करायचे तर करावेत, पण आईनं पोराचं तोंड बघायचं त्याच्यात कुणाचं काय जातं? बाहेर राबणाऱ्या माणसाला घरचा कॉल म्हणजे पोटाएवढीच गरज आहे.

पूर्वभागकर:
सगळ्यांचे लई आभार. व्हीपीएन कॅन्सल. पॅकचे पैसे पगार होईपर्यंत जमणार नाहीत त्याला, तोवर फुकटात काही आहे का?

गल्फरिटर्न:
आहे की. झूम आणि गुगल मीट तिथं मंजूर आहेत. झूम फुकटात ४० मिनिटांनी तुटतं, म्हणून मीट घे, दोघंच असाल तर तो त्रास नाही. मीटमध्ये डायरेक्ट कॉल लावू नको, मीटिंगची लिंक बनव आणि व्हॉट्सॲपवर पाठव, मेसेज जातोच आहे. तीच लिंक आईच्या चॅटमध्ये वर पिन करून ठेव, म्हणजे तिला रोज शोधायला लागणार नाही, बोट लावलं की झालं. तिकडचं घड्याळ दीड तास मागं आहे, आपले रात्री साडेनऊ म्हणजे त्याचे आठ, ड्युटी सुटून रूमवर आलेला असेल. गड्ड्याच्या गर्दीत मात्र लाइव्हच्या भरवशावर राहू नको, नेटवर्क सगळ्यांचंच जाम होतं. अक्षतांचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाक, तो अडत नाही.