फोराकॉर्ट २०० च्या जागी १०० चे दोन पफ, हिशोब तोच ना?

मानपाडाकर:
आईला जुना दमा आहे, वय ६४. डॉक्टरांनी फोराकॉर्ट २०० चा पंप दिलाय, सकाळ-संध्याकाळ एकेक पफ. चार दिवसांपूर्वी मेडिकलवाल्याकडे २०० नव्हता, तो म्हणाला १०० चा न्या, एकाऐवजी दोन पफ मारा, आणि मलाही पटलं, शंभर दुणे दोनशे. आता दोन दिवस झाले आई म्हणते हात थरथरतात, काल कप बशीत ठेवताना खडखड वाजत होता, छातीत पण धडधड होते म्हणे. घोडबंदर रोडची धूळ आहेच पण तिने खोकला येईल, हात कशाला थरथरतील?

वाशीचा फार्मासिस्ट:
हिशोब अर्धाच बरोबर आहे. खोक्यावरचा १००, २०० हा आकडा फक्त बुडेसोनाइडचा, म्हणजे स्टेरॉइडचा. दुसरं औषध फॉर्मोटेरॉल, श्वासनळी मोकळी करणारं, ते दोन्ही पंपांत दर पफला ६ मायक्रोग्रॅमच असतं. म्हणजे स्टेरॉइड तेवढंच गेलं पण फॉर्मोटेरॉल ६ चं १२ झालं, तेही दोन्ही वेळेला. हात थरथरणं, धडधड ही त्याचीच लक्षणं असू शकतात. १२ हा काही भयंकर डोस नाही, बऱ्याच पेशंटना डॉक्टर स्वतःच दोन पफ देतात, पण तुमच्या आईला दिला नव्हता ना! आजच डॉक्टरांना फोन करा, आणि घाबरून पंप एकदम बंद मात्र करू नका, दमा उसळेल. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर फोन वगैरे नको, सरळ हॉस्पिटल.

ऐरोली सेक्टर ८:
सेम गोंधळ आमच्याकडे सेरोफ्लोचा, तोही दम्याचाच पंप. बाबांचा २५० चा पंप होता, नंतर २५० च्या रोटाकॅप (यंत्रात घालून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल) आणल्या, आकडा तोच म्हणून निवांत. पंपात सालमेटेरॉल, म्हणजे यातलं श्वासनळी मोकळी करणारं औषध, दर पफला २५ आणि रोटाकॅपमध्ये ५०, हे खोक्यावरची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं. आणि बाबा धाप लागली की तोच ओढायचे, सालमेटेरॉल हळू चढतं हो, अटॅकला त्याचा काय उपयोग, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला वेगळा पंप जवळ पाहिजे.

कळवा पूर्व:
बाकी सगळं बरोबर पण चूळ भरता का पफनंतर? माझ्या सासूबाई नाही भरायच्या, तोंडात पांढरे चट्टे आले, जेवण जाईना. आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, लावा, नाहीतर निम्मं औषध घशातच बसतं.

मानपाडाकर:
धन्यवाद मंडळी. फोन झाला, डॉक्टर म्हणाले घाबरू नका पण २०० चाच आणा, एकेक पफ. नौपाड्यात मिळाला. चूळ भरते ती, स्पेसर मात्र कपाटावर आहे, आज खाली काढला. आता नवीन भांडण, १०० चा पंप १२० पफचा, त्यातले १६ च गेलेत आणि आई तो फेकू देत नाहीये 😄