सोसायटी ग्रुप: १४ जूनचा हॉल आणि रोटरॅक्टचं रक्तदान शिबिर

बी-५०२: नमस्कार 🙏 आमच्या रोटरॅक्ट क्लबचं वर्ष ३० जूनला संपतंय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पुस्तकं दिली होती, म्हणून हिशेब देते. धड असलेली पुस्तकं दोन शाळांच्या वाचनालयांत पोचली. फाटकी आणि जुन्या अभ्यासक्रमाची आम्ही वेगळी काढून रद्दीत दिली, शाळांच्या गळ्यात मारली नाहीत. रद्दीच्या पैशांतून कपाटाला कुलूप आणि नोंदवही घेऊन दिली. याशिवाय मुलाखतीची तयारी करून घेणारी शनिवारची बैठक वर्षभर चालली आणि दुसऱ्या देशातल्या एका रोटरॅक्ट क्लबबरोबर लेटरहेड एक्सचेंज झालं.

बी-५०२: आता शेवटचा मोठा प्रकल्प. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो, त्या दिवशी रक्तदान शिबिर घ्यायचंय. सोसायटीचा हॉल सकाळी ९ ते २ मिळेल का?

सेक्रेटरी: हॉल रिकामा आहे. कुणाची हरकत असेल तर आजच सांगा, नंतर कुरकुर नको.

ए-१०१: हरकत नाही, प्रश्न आहे. लेटरहेडची अदलाबदल करून समाजसेवा कशी होते?

बी-५०२: 😅 काका, ती सेवा नाहीच. ओळख करून घेण्याची पद्धत आहे. दोन क्लब ऑनलाइन भेटतात, आपापली कामं सांगतात, आठवण म्हणून दोघांच्या लेटरहेडवर सह्या करून देतात. खरं सांगायचं तर बऱ्याचदा प्रकरण तिथेच संपतं. या वेळी मात्र मुलाखतीच्या बैठकीचा आराखडा आम्ही त्यांच्याकडूनच उचलला.

ए-१०१: ठीक. मी हे का विचारतो ते सांगतो. मागे एका क्लबने आपल्या मागच्या गल्लीत वृक्षारोपण केलं. एका रोपट्याला आठ जणांचे हात, पुढे बॅनर, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि रोपटं वाकडं. फोटो झाला, मंडळी गेली. पाणी कोण घालणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. रोपटं गेलं, बॅनर तेवढा बरेच दिवस फडफडत होता.

सी-१०४: शुभ सकाळ 🌹 आजचा सुविचार...

सेक्रेटरी: १०४, चर्चा चालू आहे हो.

ए-७०३: रोटरॅक्ट म्हणजे रोटरीच ना? की फक्त मुलांसाठी वेगळी संस्था?

डी-२०२: मी कॉलेजात असताना रोटरॅक्टमध्ये होतो, मी सांगतो. रोटरी ही समाजसेवा करणाऱ्या क्लबांची जागतिक संस्था, १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने सुरू केली. रोटरॅक्ट हे तिचंच तरुणांसाठीचं अंग, बरंच नंतरचं. पहिला क्लब १३ मार्च १९६८ ला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये झाला. म्हणून १३ मार्चच्या आठवड्यात जगभर रोटरॅक्ट वीक असतो. तेव्हापासून कारभार मुलांचा: अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार सगळे त्यांच्यातलेच. पाठीशी एखादा रोटरी क्लब असायचा, त्याला आम्ही पेरेंट क्लब म्हणायचो.

बी-५०२: दादा, आता थोडं बदललंय. २०१९ मध्ये रोटरीने रोटरॅक्ट क्लबांना नुसता उपक्रम न मानता आपल्या सदस्यत्वातच धरायचं ठरवलं. पेरेंट क्लब नसला तरी क्लब काढता येतो. आणि तिशीची अटही गेली, २०२० पासून. १८ पूर्ण पाहिजेत, वर कितीही.

डी-२०२: काय सांगतेस! आम्हाला तर तिशीला निरोप समारंभ करून बाहेर काढलं होतं.

बी-५०२: मग या परत. रोटरीत असाल तरी चालतं, दोन्हीकडे राहता येतं.

ए-१०१: वर्गणी?

बी-५०२: जुलै २०२२ पासून जागतिक संस्थेला प्रत्येक सदस्यामागे वर्षाला कॉलेजातल्या क्लबने ५ डॉलर आणि बाहेरच्या क्लबने ८ डॉलर द्यायचे असतात. आधी काहीच नव्हतं, त्यामुळे तेव्हा बरीच आरडाओरड झाली. क्लबची स्वतःची वर्गणी वेगळी, ती ज्याचा तो क्लब ठरवतो. आमची वही बघायची असेल तर कधीही या काका, खजिनदार बी विंगमध्येच आहे.

ए-१०१: येईन.

ए-७०३: माझी मुलगी पंधराची आहे. तिला घेता का?

बी-५०२: रोटरॅक्टमध्ये नाही काका. तिच्यासाठी इंटरॅक्ट, रोटरीचेच शाळकरी मुलांचे क्लब, १२ ते १८ वयाला. शाळेत क्लब आहे का विचारा.

डी-२०२: इंटरॅक्ट रोटरॅक्टच्या आधीचं. १९६२, मेलबर्नच्या एका हायस्कुलात. हे मेलबर्न फ्लोरिडातलं, ऑस्ट्रेलियातलं नव्हे. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: वर्षाला किमान दोन प्रकल्प, एक शाळेसाठी किंवा गावासाठी आणि एक दुसऱ्या देशांशी समजूत वाढवणारा. म्हणजे नुसता आपल्यापुरता विचार करून सुटका नाही.

ए-७०३: आणि लिओ क्लब? तिची मैत्रीण त्यात आहे.

डी-२०२: ते लायन्सवाल्यांचं, तीही रोटरीसारखीच क्लबांची सेवासंस्था. १९५७ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या अ‍ॅबिंग्टन हायस्कुलात सुरू झालं. त्यात वयाप्रमाणे दोन गट: १२ ते १८ अल्फा, १८ ते ३० ओमेगा. कामं साधारण सारखीच. जिथे तिच्या मैत्रिणी असतील तिथे घाला, पोरं त्याच कारणाने टिकतात.

सी-३०४: मी सकाळपासून वाचतेय. शिबिराबद्दल बोलू का? मी ब्लड बँकेत टेक्निशियन होते, निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं.

सेक्रेटरी: बोला काकू.

सी-३०४: १४ जून ही तारीख ब्लड बँकेला विचारून ठरवली आहे का, की कॅलेंडर बघून?

बी-५०२: काकू, दिवसाचं महत्त्व म्हणून ठरवली. कार्ल लँडस्टायनरचा वाढदिवस असतो, रक्तगट शोधणारे.

सी-३०४: ते बरोबर. पण त्याच कारणाने १४ जूनला सगळेच शिबिर घेतात. संस्था, कंपन्या, कॉलेजं. आता पिशवीचं काय होतं ते ऐक. तू दिलेलं रक्त तसंच्या तसं ठेवत नाहीत, त्याचे भाग करतात. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये, २ ते ६ अंशांत. त्या साधारण ३५ ते ४२ दिवस चालतात, पिशवीत कोणतं द्रावण आहे त्यावर. प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर. आणि प्लेटलेट्स? नेहमीच्या पद्धतीत पाच दिवस. त्या फ्रिजमध्येही ठेवत नाहीत, २० ते २४ अंशांत एका हलत्या ट्रेवर ठेवतात. ट्रे रात्रंदिवस सावकाश डुलत असतो, थांबला तर पेशी एकमेकींना चिकटतात. त्या यंत्राचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

सी-३०४: आता एकाच दिवशी गावभर शिबिरं झाली की ट्रे भरतात. पाच दिवसांत वापरल्या गेल्या तर ठीक, नाही तर प्लेटलेट्स टाकून द्याव्या लागतात. मी टाकल्या आहेत. दात्याला कधी कळत नाही, तो बिचारा सर्टिफिकेट घेऊन खूश.

ए-७०३: बाप रे. हे माहीतच नव्हतं.

सी-३०४: पुढचं ऐका. ज्याने १४ जूनला दिलं तो पुढे तीन महिने देऊ शकत नाही, बाई असेल तर चार. म्हणजे नेहमीचे हक्काचे दाते एका दिवसात संपवायचे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नातेवाईक फोन फिरवत बसणार: कुणी आहे का, कुणी आहे का.

डी-२०२: आपल्याच ग्रुपवर येतात की असे मेसेज.

सी-३०४: येतात ना. म्हणून म्हणते, आधी ब्लड बँकेला फोन कर. दोन गोष्टी विचार: तुम्हाला कधी हवंय आणि एका वेळी किती पिशव्या हव्यात. त्या सांगतील त्यापेक्षा जास्त गोळा करायच्या नाहीत, कितीही रांग लागली तरी.

बी-५०२: काकू, पटतंय. पण जुलैत गेलं तर ते पुढच्या टीमच्या वर्षात धरलं जाईल. आमचं वर्ष ३० जूनला बंद. आमच्या रिपोर्टमध्ये येणारच नाही. पोरांनी पोस्टरसुद्धा केलंय.

ए-१०१: झालं! मी सकाळपासून हेच म्हणतोय. रक्त रुग्णाला पाहिजे की रिपोर्टला?

सी-२०१: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

डी-२०२: काका, जरा दमाने घ्या. तिचं म्हणणं मला समजतं, मीही त्यातून गेलोय. या क्लबांत दर वर्षी १ जुलैला सगळी टीम बदलते. त्यात फायदा आहे: लाजाळू पोरगासुद्धा एकदा खजिनदार होतो, माइक धरतो, कुणाची गादी तयार होत नाही. पण तोटा असा की प्रत्येकाला आपल्या वर्षात काहीतरी ‘मोठं’ करून दाखवायचं असतं. जूनमध्ये आमच्याकडे प्रकल्पांचा पाऊस पडायचा, कारण पुरस्कारांचे रिपोर्ट भरायचे असायचे. आणि मागच्या टीमने सुरू केलेलं काम पुढे नेलं तर आपलं नाव कुठे, हा प्रश्न.

ए-१०१: म्हणजे मी बरोबर होतो.

डी-२०२: अर्धे. आता रोटरीचंच उलटं उदाहरण घ्या. तिथेही जागतिक अध्यक्ष दर वर्षी नवा. पण १९८५ मध्ये पोलिओ हटवायचं पोलिओप्लस हाती घेतलं ते आजतागायत सोडलेलं नाही. १९८८ मध्ये जगात अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ झाला होता, सव्वाशे देशांत त्याचा फैलाव होता. आता वाइल्ड म्हणजे नैसर्गिक पोलिओची साखळी न तुटलेले देश दोनच, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. सरकारं, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ सगळ्यांचा हात आहे त्यात. पण एवढे अध्यक्ष येऊन गेले, कुणी म्हणालं नाही की हे आधीच्याचं काम, मी दुसरं काढतो.

सी-३०४: आणि लशीचा थेंब दिल्यावर मुलाच्या करंगळीला जांभळी शाई लावतात. त्या शाईवर कुठल्या अध्यक्षाचं नाव नसतं.

ए-१०१: काकू, हे आवडलं.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना: बी विंगची लिफ्ट ४ ते ५ बंद राहील. चर्चा चालू द्या.

बी-५०२: ब्लड बँकेशी बोलले. त्यांचं उत्तर शब्दशः देते: ‘१४ जूनला आमच्या सगळ्या टीम आधीच बाहेर आहेत, तुमच्याकडे आलो तरी उशिरा येऊ. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या, तेव्हा साठा उतरलेला असतो. तीस-चाळीस पिशव्या पुरे. आणि नोव्हेंबरमध्ये परत घ्याल का?’

सी-३०४: बघ. त्यांनी स्वतः तारीख दिली.

बी-५०२: हो. पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाशीही बोलले. तो म्हणतो, जुलैचं शिबिर आम्ही घेतो, पण नोव्हेंबरचंही आत्ताच लिहून टाकू, म्हणजे मला मागे सरता येणार नाही. आमच्या रिपोर्टमधून हा प्रकल्प काढला. पोस्टरवाला मुलगा रुसलाय, त्याला नवी तारीख टाकायला सांगितलं.

डी-२०२: शाब्बास. हे रोटरी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या क्लबांच्या, पुरस्कारात मोजत नाहीत, पण मोजायला हवं.

ए-१०१: आणि १४ जूनचा हॉल? सोडणार?

सी-३०४: सोडू नका. त्या दिवशी लोकांच्या मनात विषय असतो, त्याचा उपयोग करा. सुई नको, नुसती यादी. रक्तगट, शेवटचं दान कधी केलं, फोन कधी केलेला चालेल. वजन साधारण ५० किलोच्या वर आहे का, काही ठिकाणी ४५ चालतं. कुठली औषधं चालू आहेत. बरेच लोक शिबिराच्या दिवशी टेबलाशी येऊन परत जातात, कारण हिमोग्लोबिन कमी निघतं. मागे कधी कमी निघालं होतं का हे यादीतच विचारलं तर दीड महिन्यात डॉक्टरांना दाखवता येईल. निगेटिव्ह गटवाल्यांना तर मी शिबिरात रक्त द्यायलाच लावणार नाही, त्यांची वेगळी यादी. गरज पडली की फोन.

ए-७०३: माझा बी निगेटिव्ह. लिहा मला.

बी-५०२: लिहिलं काका. काकू, १४ तारखेला अर्धा तास तुम्ही बोलाल का? त्या हलत्या ट्रेबद्दल.

सी-३०४: बोलेन. पण हार-तुरे, शाल-श्रीफळ नको. आणि तुमची ती घंटा वाजवून मीटिंग सुरू करता ना, ती मला वाजवू द्या.

बी-५०२: नक्की 😄

ए-१०१: मी अडुसष्टचा. माझं रक्त घेणार नाहीत ना?

सी-३०४: नाही. बहुतेक ठिकाणी पासष्टला थांबवतात.

ए-१०१: मग मी दारापाशी बसून नावं लिहितो. मात्र बॅनर गेटवर लागणार नाही, हॉलच्या आत लावा. आणि शिबिर झालं की त्याच दिवशी उतरवा.

बी-५०२: मान्य काका.

ए-७०३: मुलगी विचारतेय, तिला यादीच्या कामाला येता येईल का?

बी-५०२: पाठवा. लोकांचे फोन नंबर आणि औषधं लिहायची आहेत, त्यामुळे एकच नियम: यादीचा फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही.

सी-३०४: हे फार महत्त्वाचं. वही ब्लड बँक आणि क्लब या दोघांकडेच, बाकी कुणाकडे नाही.

सेक्रेटरी: १४ जून, ९ ते २, रोटरॅक्ट, लिहून ठेवलं. जुलैची तारीख पक्की झाली की तीही कळवा, आत्ताच अडवून ठेवतो. खुर्च्या स्टोअरमधून तुम्हीच काढायच्या आणि तुम्हीच ठेवायच्या. मागच्या वेळी दोन कमी भरल्या होत्या, ज्यांच्या घरी असतील त्यांनी मुकाट्याने आणून द्याव्यात.

सी-२०१: एक आमच्याकडे आहे. संध्याकाळी ठेवतो.